ट्रेकिंगची आणि शिकारीची सॅक उद्या कशी असेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत आणि हिमालयात भटकणारे लोक सॅकच्या कापडाविषयी, फ्रेमविषयी आणि बाजारात येऊ घातलेल्या नव्या प्रकारांविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सॅक तर शंभर वर्षांपासून आहे. तिच्यात आता सुधारण्यासारखे काय उरले आहे?

वजन खांद्यावरून काढून कमरेवर कसे आणायचे, हा सॅकचा मूळ प्रश्न होता आणि तो बराचसा सुटला आहे. नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाठीच्या आकाराची चौकट पिशवीला जोडली. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी अ‍ॅल्युमिनियमची बाहेरची फ्रेम असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली आणि कमरेचा पट्टा रूढ केला. १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी फ्रेम पिशवीच्या आत नेली. आपल्याकडच्या बायका डोक्यावर हंडा ठेवण्याआधी चुंबळ ठेवतात, कारण भार थोड्या जागेवर न टेकता सगळीकडे पसरावा. कमरेचा पट्टा तेच काम निराळ्या जागी करतो.

आता जे काम चालू आहे ते कापड, त्यावरचा लेप, पाठीला टेकणारा भाग आणि दुरुस्तीची सोय यांच्यावर. सॅक कापडाच्या मधोमध क्वचितच फाटते. ती शिवणीपाशी उसवते, पट्टा शिवलेल्या जागी तुटते, बकलपाशी मोडते किंवा आतला लेप सुटल्यामुळे निकामी होते. त्यामुळे नवे कापड किती बळकट आहे यापेक्षा ते दुसऱ्या वस्तूला कसे जोडले आहे, हे मी आधी पाहतो, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही गोष्ट पुन्हा येईल.

२. डेनियर म्हणजे काय? जास्त डेनियरचे कापड जास्त मजबूत असते का?

नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. २१० डेनियरचा धागा नऊ हजार मीटरला २१० ग्रॅम भरतो. म्हणजे हा आकडा धाग्याची जाडी सांगतो, ताकद सांगत नाही. एकाच जातीच्या नायलॉनमध्ये ५०० डेनियरचे कापड २१० पेक्षा जास्त घासले तरी टिकेल, हे खरे. परंतु पॉलिस्टर आणि नायलॉन, किंवा साधे नायलॉन आणि जास्त ताण सोसणारे नायलॉन, यांची तुलना केवळ डेनियरवरून करता येत नाही. विणीची घनता आणि लेपाचा प्रकार हेही पाहावे लागते. स्वस्त सॅकवर ६०० डेनियर पॉलिस्टर असे ठळक छापलेले असते, आणि ते चांगल्या ४२० डेनियर नायलॉनपेक्षा लवकर फाटल्याचे अनेकांनी अनुभवले असेल.

३. डायनिमाचे कापड पोलादापेक्षा मजबूत असते म्हणतात. मग सगळ्या सॅक त्याच्याच का होत नाहीत?

डायनिमा हे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन तंतूचे व्यापारी नाव आहे. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो काढण्याची पद्धत शोधली. तो पाण्यावर तरंगण्याइतका हलका आहे आणि वजनाच्या मानाने पाहिले तर पोलादाहून कितीतरी बळकट आहे. त्याचे सॅकमध्ये दोन अवतार दिसतात. एकात पातळ पॉलिस्टर फिल्मच्या दोन थरांमध्ये तंतू अंथरलेले असतात. हे कापड मुळात शर्यतीच्या शिडाच्या बोटींसाठी तयार झाले आणि पुढे सॅक व तंबूंकडे आले. दुसऱ्यात तंतू रीतसर विणून मागे फिल्म चिकटवलेली असते, आणि पाठीवरच्या सॅकसाठी हाच अवतार जास्त उपयोगाचा आहे. पहिल्या प्रकाराची बाहेरची फिल्म बेसॉल्टच्या कातळावर घासली की पाहता पाहता झिजते.

मर्यादा तीन आहेत. हा तंतू साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे चुलीजवळ किंवा स्टोव्हजवळ सॅक टेकवली तर भोक पडते. दुसरे म्हणजे त्याची किंमत. तिसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे: पॉलिएथिलीन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे, म्हणून त्यावर रंग बसत नाही आणि गोंदही नीट धरत नाही. अशा सॅक बहुधा पांढऱ्या किंवा करड्या दिसतात त्याचे कारण हेच, आणि काही वर्षे वापरल्यावर आतली फिल्म फुगून सुटते त्याचेही कारण हेच. तंतू शाबूत, पण जोड गेला. सध्याचे संशोधन तंतू आणखी बळकट करण्यापेक्षा त्याला फिल्म घट्ट कशी धरून राहील याच्यावर जास्त चालले आहे, आणि ते योग्य आहे असे माझे मत आहे.

४. माळ्यावर ठेवलेली सॅक दोन वर्षांनी काढली तर आतून चिकट झाली आहे, वास येतो आणि पापुद्रे निघतात. नव्या सॅकमध्ये हे टळेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि पाठवणारे बहुतेक मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याचे असतात. त्याला कारण आहे. सॅकच्या कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा लेप असतो. हवेतील बाष्प आणि उष्णता मिळून या लेपाचे रेणू हळूहळू तोडतात. या क्रियेला जलविघटन म्हणतात. सॅक वापरून झिजण्यापेक्षा ओलसर अवस्थेत बंद करून ठेवल्याने अधिक खराब होते. माझी स्वतःची एक चांगली सॅक अशीच गेली: पावसाळी ट्रेकहून आल्यावर वरवर वाळवली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि माळ्यावर टाकली. कापडावर एक ओरखडा नव्हता, पण आतला लेप कोंड्यासारखा कपड्यांवर सांडत होता.

पॉलियुरेथेनचेही प्रकार असतात. पॉलिस्टर जातीचा लेप स्वस्त असतो आणि लवकर विघटित होतो. पॉलिइथर जातीचा लेप दमट हवेत पुष्कळ जास्त टिकतो. सिलिकॉनचा लेप जलविघटनाला जवळजवळ दाद देत नाही आणि त्याने कापडाची फाटण्याविरुद्धची ताकदही वाढते, परंतु सिलिकॉनवर शिवणपट्टी चिकटत नाही, म्हणून शिवणीतून पाणी येते. यावर तडजोड म्हणून बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलिइथर असे कापड आता अधिक दिसू लागले आहे. चिकटवलेल्या फिल्मच्या कापडात हा लेपच नसतो, म्हणून तेथे ही तक्रार उद्भवत नाही. मात्र प्रश्न ३ मध्ये सांगितलेली सुटण्याची अडचण तेथे आहे.

आपल्या हवामानात सॅक निवडताना कापडाच्या डेनियरआधी लेपाची जात विचारावी. विक्रेत्याला ती सांगता आली नाही, तर सॅक किमान टांगून, उघडी आणि हवेशीर जागी ठेवावी.

५. हल्ली सॅकवर ‘पीफास-मुक्त’ लिहिलेले असते. याने पावसात सॅक लवकर भिजेल का?

कापडावर पाण्याचे थेंब गोळ्या होऊन घरंगळावेत म्हणून बाहेरून जो थर देतात, त्यात वर्षानुवर्षे पीफास ही फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. ती निसर्गात मोडत नाहीत आणि पाण्यात व शरीरात साठत जातात, म्हणून त्यांच्यावर बंदी येत आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कापडी वस्तूंमध्ये ती जाणूनबुजून वापरण्यास मनाई झाली आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पाठीवरच्या पिशव्याही येतात. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून कपडे आणि पादत्राणे यांबाबत असाच नियम केला. मोठ्या कंपन्या एका बाजारासाठी वेगळे कापड विणत बसत नाहीत, त्यामुळे हा बदल आपल्या दुकानांतही येणारच.

नवा थर पाणी जवळपास तितकेच झटकतो; तेल आणि घाम मात्र पूर्वीइतका झटकत नाही. म्हणजे मळ साचला की त्या जागी कापड भिजू लागते. सॅक अधूनमधून सौम्य साबणाने धुवावी लागेल. जॅकेटच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे, सॅकच्या बाबतीत तेवढी नाही, कारण सॅकमध्ये पाणी अडवण्याचे खरे काम आतला लेप किंवा फिल्म करते.

६. पूर्ण जलरोधक सॅक आल्या की रेन कव्हर लागणार नाही ना?

सह्याद्रीतल्या पावसात रेन कव्हर तसेही अर्धेच काम करते. वारा खालून वर येतो, कोकणकड्यावर तर फेकलेली वस्तू परत येते, आणि अशा वाऱ्यात कव्हर फुगून उडून जाते. पाठीच्या बाजूने ओघळणारे पाणी ते अडवतच नाही.

कापड जलरोधक असले तरी सॅक जलरोधक होत नाही, कारण शिवणीला हजारो भोके असतात आणि चेनीतूनही पाणी शिरते. शिवणीऐवजी उष्णतेने किंवा ध्वनिलहरींनी सांधलेल्या आणि तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या सॅक आहेत. त्या खरोखर पाणी अडवतात, पण कापडाचे सांधे एकदा सुटले तर मोची किंवा शिंपी ते दुरुस्त करू शकत नाही. शिवणीच्या आतून पट्टी चिकटवलेली सॅक हा मधला मार्ग राहील असे दिसते. तोपर्यंत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आत घालून तिच्यात सामान भरणे, हा वीस-तीस रुपयांचा उपाय कोणत्याही नव्या कापडाला हरवतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाले की थोडे सैलावते, म्हणून सकाळी घट्ट बसवलेले पट्टे दुपारपर्यंत ढिले वाटतात. पॉलिस्टर आणि पॉलिएथिलीन पाणी जवळजवळ शोषत नाहीत. नव्या कापडांचा पावसातला हा फायदा त्यांच्या हलकेपणाहून मला मोठा वाटतो.

७. भारतात शिकारीला बंदी आहे. मग शिकारीच्या सॅकशी आपला संबंध काय?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे परवान्यावरची शिकारही थांबली, आणि या पानावर त्याविषयी दुमत नाही. परंतु उत्तर अमेरिकेत एल्क या मोठ्या हरणासारखे जनावर डोंगरात मारल्यावर त्याचे मांस पाठीवरून, रस्ता नसलेल्या भागातून, तीस-चाळीस किलोच्या खेपांनी आणावे लागते. त्यामुळे जड ओझे वाहण्याची सर्वांत कसून परीक्षा या सॅकांमध्ये झाली आहे.

त्यांची मुख्य युक्ती अशी की पिशवी फ्रेमपासून अलग होऊन मागे सरकते आणि मधल्या जागेत ओझे बसते. सर्वांत जड वस्तू अशी पाठीला चिकटून राहिल्याने चालणारा मागे ओढला जात नाही. सुळक्यांवर चढाई करणाऱ्या आपल्या मंडळींना दोर, बोल्ट, ड्रिल आणि पाण्याचे कॅन पायथ्यापर्यंत न्यावे लागतात, आणि जखमी माणसाला खाली आणणाऱ्या बचाव पथकांचेही ओझे असेच आडदांड असते. मांसासाठी केलेली ती मधली जागा या कामाला नेमकी लागू पडते, आणि ती साध्या ट्रेकिंग सॅकमध्ये उतरावी अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. फिल्म चिकटवलेली कापडे कागदासारखी कुरकुरतात, म्हणून शिकारीच्या सॅकला बाहेरून लव असलेले मऊ कापड लावतात. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे शांत कापड उपयोगी आहे, मात्र ते पाणी पिते आणि करवंदीच्या काट्यांना अडकते. रंगाबद्दल सांगायचे तर हरणांना नारिंगी रंग नीट ओळखू येत नाही, निळा आणि अतिनील मात्र चांगला दिसतो. म्हणून तेथील शिकारी सुरक्षेसाठी भडक नारिंगी घालतात आणि हरणांपासून लपूनही राहतात. जंगलात निरीक्षणाला जाणाऱ्याने निळी सॅक टाळावी, एवढा धडा त्यातून घेता येईल.

८. कार्बन फायबर किंवा टायटॅनियमची फ्रेम घ्यावी का?

शिकारीच्या महागड्या सॅकांमध्ये दोन्ही आलेल्या आहेत. कार्बन फायबर हलके आणि ताठ असते, पण ते वाकत नाही. मोडते तेव्हा एकदम मोडते, आणि धक्क्याने आतून तडकले तरी बाहेरून दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आपल्या पाठीच्या वळणाप्रमाणे गुडघ्यावर ठेवून वाकवता येते आणि डोंगरात वेडीवाकडी झाली तर दगडाने ठोकून सरळही करता येते. अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी जेथे सॅक दोराने वर ओढावी लागते आणि ती कातळावर आपटत जाते, तेथे मी अ‍ॅल्युमिनियमच निवडेन. टायटॅनियम न मोडता वाकून परत येते, पण किंमत पाहता पंधरा किलोखालच्या ओझ्याला त्याची गरज नाही.

९. थ्रीडी प्रिंट केलेली पाठ म्हणजे काय? तिने घाम कमी येईल का?

फोमच्या गादीऐवजी लवचीक बहुवारिकाची (पॉलिमरची) पोकळ जाळी छापतात. जाळीच्या काड्यांची जाडी जागोजागी बदलता येत असल्याने एकाच तुकड्यात कुठे मऊ, कुठे टणक असा भाग साधता येतो. ऑस्प्रे कंपनीने २०२२ मध्ये कमरेच्या मागच्या भागासाठी अशी जाळी वापरलेली सॅक आणली. ही जाळी पाणी धरत नाही आणि हवा जाऊ देते, म्हणून घाम वाळायला मदत होते. फोम काही वर्षांनी दबून सपाट होतो, तसे येथे कमी होते.

केवळ घामच टाळायचा असेल तर ताणलेल्या जाळीची पाठ १९८४ पासून, म्हणजे डॉयटरने ती आणली तेव्हापासून, उपलब्ध आहे. तिचा तोटा असा की ओझे पाठीपासून काही सेंटिमीटर दूर जाते आणि कातळटप्प्यावर तोल मागे खेचला जातो.

या तंत्राचा पुढचा टप्पा म्हणजे ग्राहकाच्या पाठीचे माप घेऊन तिच्यापुरती जाळी छापणे. त्याआधी साधे माप तरी घ्यावे. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जे हाड वर येते, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर ही पाठीची लांबी. सॅक तिच्यावरून निवडावी, उंचीवरून नव्हे. समान उंचीच्या दोघांच्या पाठीत चांगलेच अंतर असू शकते.

१०. चालताना वीज तयार करणारी सॅक खरेच आहे का?

आहे, आणि ती थट्टा नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लॅरी रोम यांच्या गटाने २००५ मध्ये अशी सॅक दाखवली. चालताना आपली कंबर दर पावलाला काही सेंटिमीटर वरखाली होते. त्यांनी ओझे फ्रेमवर स्प्रिंगने टांगले आणि त्या हालचालीवर छोटे जनित्र फिरवले. २० ते ३८ किलोच्या ओझ्याने जास्तीत जास्त ७.४ वॅट वीज मिळाली. याच कल्पनेचे दुसरे रूप म्हणजे वीज न करता रबरी दोऱ्यांवर ओझे झुलते ठेवणे, जेणेकरून माणूस वरखाली झाला तरी ओझे जवळजवळ स्थिर राहते आणि सांध्यांवरचे धक्के कमी होतात.

सपाट वाटेवर, एका लयीत, जड ओझे घेऊन चालणाऱ्याला याचा फायदा आहे. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर आणि पायऱ्यांवर लय टिकत नाही, यंत्रणेचे जादा वजन मात्र सोबत राहते. फोन चार्ज करण्यापुरती वीज हवी असेल तर प्रश्न ११ पाहावा.

११. सोलर पॅनेल किंवा बॅटरी बसवलेली सॅक घ्यावी का?

पावसाळ्यात आणि दाट झाडीत पाठीवरच्या पॅनेलला ऊन मिळत नाही. लडाखसारख्या उघड्या प्रदेशात त्याचा उपयोग आहे, तेही मुक्कामी पॅनेल सूर्यासमोर ठेवल्यास. बॅटरी शिवून पक्की केलेली सॅक घेऊ नये. विमानात लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते आणि १०० वॅट-तासांपर्यंतच ती विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे ती चालते. पण बॅटरी निघत नसेल तर सामानात दिलेली सगळी सॅकच अडवली जाते.

१२. परदेशातून आणलेल्या सॅकच्या पट्ट्यात उपग्रहावरून संकटसंदेश पाठवणारे यंत्र आहे. ते हिमालयात वापरू का?

दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरू नये, आणि परदेशातून येताना सोबतही आणू नये. उपग्रह फोन आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे विनापरवाना जवळ बाळगणे भारतात गुन्हा आहे आणि त्यासाठी विमानतळांवर परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. सुट्टीवर घरी येणाऱ्या मराठी मंडळींनी सॅकचे कप्पे निघण्याआधीच तपासावेत. केवळ स्थान दाखवणाऱ्या जीपीएस घड्याळाला हा नियम लागू नाही, कारण ते संदेश घेते, पाठवत नाही.

काही सॅकांत शोधयंत्राच्या लहरी परत पाठवणारा रेको नावाचा परावर्तक शिवलेला असतो. त्याला बॅटरी नसते, म्हणून कायद्याची अडचण नाही. परंतु शोधणाऱ्यांकडे त्याचे शोधयंत्र असेल तरच तो उपयोगी पडतो. हिमस्खलनातील एअरबॅग असलेल्या सॅक बर्फावर स्की करणाऱ्यांसाठी आहेत. सह्याद्रीतल्या ट्रेकरने त्यांवर खर्च करण्याचे कारण नाही.

१३. नवी कापडे पर्यावरणाला चांगली आहेत का?

येथे दोन दिशा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. नायलॉन ६ रासायनिक पद्धतीने मूळ घटकात परत नेता येते आणि त्यापासून पुन्हा तसाच धागा काढता येतो. पॉलिएथिलीन, पॉलिस्टर फिल्म आणि गोंद यांचे एकजीव कापड मात्र वेगळे करता येत नाही, म्हणून सर्वांत हलकी सॅक शेवटी कचऱ्यातच जाते. युरोपीय संघाचा १८ जुलै २०२४ पासून अमलात आलेला उत्पादनरचनेचा नियम टिकाऊपणा आणि दुरुस्ती यांच्या अटी घालणार आहे, त्यामुळे एकाच पदार्थापासून सगळी सॅक बनवण्याचे प्रयत्न वाढतील.

आपल्या जवळची एक शक्यता मात्र फारशी कोणी बोलत नाही. नायलॉन ११ हे एरंडेल तेलापासून बनते, जगातील बहुतांश एरंड भारतात आणि त्यातही गुजरातेत पिकतो, आणि हे नायलॉन नेहमीच्या नायलॉनपेक्षा पाणी बरेच कमी शोषते. किंमत आवाक्यात आली तर पावसाळी सॅकसाठी याहून सोयीचा धागा मला दिसत नाही.

१४. मग आता सॅक घ्यावी की नवे तंत्रज्ञान येईपर्यंत थांबावे?

सॅक नसेल तर थांबू नये. पाठीच्या मापाची, पॉलिइथर किंवा सिलिकॉन लेपाची, साध्या शिवणीची सॅक आजही मिळते. असलेली सॅक चांगली असेल तर ती बदलण्याचे कारण यातल्या कोणत्याही सुधारणेत अजून नाही.

१५. माझ्या जुन्या सॅकचा फक्त कमरेचा बकल तुटला आहे, आणि कंपनी म्हणते सुटा भाग मिळत नाही. काय करावे?

आधी पट्टीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. बहुधा ती २५, ३८ किंवा ५० असते. बकल पट्टीत शिवलेला असेल तर शिवण न उसवता बसणारे, एका बाजूला फट असलेले बकल मिळते, त्या फटीतून पट्टी सरकवायची. बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जुन्या सॅकांचे सुटे भाग असू शकतात. नवी सॅक पाहायला जाल तेव्हा सगळे बकल असे काढता-घालता येण्याजोगे आहेत का, हे दुकानातच ओढून पाहावे.